हेडर फाइल हरवली की दोष कोणाचा?

सी भाषेतील प्रोग्रॅम लिहून झाला, लिनक्सवरील जीसीसी कंपायलरला दिला आणि पडद्यावर उत्तर आले, ‘कोनिओ डॉट एच : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. अशा वेळी कंपायलर बिघडला असे समजून कोणी तो पुन्हा बसवतो, तर कोणी ती फाइल दुसऱ्या संगणकावरून उचलून आणतो. दोन्ही श्रम फुकट! माझ्या मते यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा, आपल्या जर्नलांचा अधिक आहे.

हेडर फाइलमध्ये असते तरी काय? एखादे फंक्शन कोणती मूल्ये घेते व काय परत देते, मुख्यतः एवढी ओळख. प्रत्यक्ष काम करणारा भाग लायब्ररीत निराळा असतो. म्हणूनच नुसती हेडर फाइल आणून भागत नाही. कंपायलर गप्प झाला तरी पुढे लिंकर तक्रार करतोच.

फाइलचे नाव < > अशा कंसात असेल, तर कंपायलर ती प्रणालीच्या ठराविक फोल्डरांत शोधतो. अवतरणचिन्हांत असेल, तर आधी तुमच्या प्रोग्रॅमच्याच फोल्डरात पाहतो. तेव्हा प्रथम नाव नीट वाचावे. ‘एसटीडीआयओ’ऐवजी ‘स्टुडिओ’ लिहिणारे कितीतरी असतात! फाइल भलत्याच फोल्डरात असेल, तर वजाचिन्ह व मोठा आय लिहून त्याचा पत्ता द्यावा. उबुंटूवर एसटीडीआयओच सापडत नसेल, तर बहुधा ‘बिल्ड-इसेन्शियल’ हा संच बसवायचा राहिलेला असतो.

कोनिओची गोष्ट वेगळी. ती बोर्लंड कंपनीच्या 1987 सालच्या टर्बो सीबरोबर, एमएस-डॉसच्या जगातून आपल्याकडे रुळली. 1989 च्या अमेरिकन प्रमाणात सी भाषेच्या 15 हेडर फाइली आहेत. त्यांत ती नाही. आणि आपण ती वापरतो कशासाठी? पडदा पुसायला आणि शेवटी एका कळीसाठी थांबायला! टर्बो सीमध्ये उत्तराचा पडदा क्षणात नाहीसा होई, म्हणून ते थांबणे गरजेचे होते. लिनक्सच्या टर्मिनलवर उत्तर तसेच राहते. तेव्हा कोनिओची ओळ आणि तिच्यामुळे आलेल्या ‘क्लिअरस्क्रीन’ व ‘गेटसीएच’ या दोन ओळी सरळ खोडून टाकाव्यात.

शिक्षकांनी पहिल्याच तासाला मुलांकडून हेडर फाइलचे नाव मुद्दाम चुकीचे लिहून घ्यावे, आणि आलेला संदेश वर्गात मोठ्याने वाचायला लावावा.