दुखत नाही म्हणून...

‘दुखत नाही ना, मग डॉक्टर कशाला?’ हा प्रश्न आपल्या घरांतून इतक्या सहजपणे विचारला जातो की, त्यात काही गैर असेल अशी शंकाही कोणास येत नाही. दाढ ठणकली, ताप चढला, तर दवाखान्याची पायरी चढावी. एरवी अंगावर काढावे, ही आपली रीत. पुष्कळ दुखण्यांत ती खपूनही जाते. स्तनातील गाठीच्या बाबतीत मात्र हा न्याय उलटा पडतो. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. उलट पाळीपूर्वी दोन्ही बाजूंना जाणवणारे आणि पाळी येऊन गेल्यावर ओसरणारे दुखणे बहुतेक वेळा शरीरातील नैसर्गिक चढउताराचे असते.

याचा अर्थ प्रत्येक गाठ कर्करोगाची असते असा मुळीच नव्हे. हाताला लागणाऱ्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. कॉलेजातल्या मुलीला बोटाखालून सटकणारी, गोटीसारखी गुळगुळीत गाठ लागली, तर ती बहुधा तंतुग्रंथी असते. पस्तिशी-चाळिशीनंतर पाण्याने भरलेल्या गाठीही पुष्कळ आढळतात. तथापि कोणती गाठ कोणत्या जातीची, हे घरी बसून, शेजारणीला विचारून किंवा लेप लावून ठरत नाही. भारतात 2022 साली सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे 98 हजार दगावल्या, असा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पाश्चात्य देशांच्या तुलनेने आपल्याकडे तो साधारण दहा वर्षे आधी गाठतो, म्हणजे ऐन नोकरीच्या आणि मुलांच्या शिक्षणाच्या काळात.

तेव्हा जावे कधी? नवी गाठ लागली आणि पुढची पाळी होऊन गेल्यावरही ती राहिली, तर जावे. पाळी थांबलेल्या स्त्रीने तर वाट पाहूच नये. त्वचेला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, पूर्वी सरळ असलेले स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून आपोआप रक्तमिश्रित स्राव येणे, त्यावरील खरूज बरी न होणे, काखेत गाठ येणे, ही लक्षणे गाठ नसतानाही तितकीच महत्त्वाची. (हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक नसेल.)

दवाखान्यात घडते ते फारसे भयंकर नाही. डॉक्टर हाताने तपासतात. मग वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी होते. आणि शंका उरली तर सुईने तुकडा काढून तपासतात. सुई टोचल्याने रोग पसरतो, या समजाला आधार नाही. निदान कर्करोगाचे झाले तरी स्तन काढावाच लागतो असे नाही. केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी आयुर्मर्यादा तितकीच राहते, हे अमेरिकेतील फिशर आणि इटलीतील व्हेरोनेसी यांच्या चाचण्यांनी, रुग्णांचा वीस वर्षे पाठपुरावा करून, 2002 साली दाखवून दिले. मात्र हा पर्याय मुख्यतः लवकर येणाऱ्या स्त्रीला मिळतो.

आणि आपल्याकडे लवकर येते कोण? आड येतो तो संकोच. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे, हे आनंदीबाई जोशी यांनी 1883 साली श्रीरामपूरच्या सभेत सांगितले होते. 1887 मध्ये त्या पुण्यातच निवर्तल्या. आज या शहरात स्त्री-डॉक्टरांची वाण नाही, तरी पदराआडची गाठ पदराआडच राहते. त्यात भर नोकरीची. वार्षिक परीक्षा, मार्चअखेर, मुलीचे लग्न, मग दिवाळी! शिल्लक किरकोळ रजा सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी राखून ठेवलेली असते, स्वतःसाठी नव्हे. या विलंबाचा सारा दोष बाईच्या अज्ञानाला देणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेला प्रयोग या संदर्भात मोलाचा आहे. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे: रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा लक्षणीय फरक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. याउलट शांघायच्या गिरणी कामगार स्त्रियांना स्वतःच तपासणी करण्याचे रीतसर शिक्षण देऊनही मृत्यू कमी झाले नाहीत. स्त्रीला स्वतःच्या शरीराची ओळख असावीच; पण महिन्याचे व्रत तिच्या गळ्यात बांधून समाज मोकळा होऊ शकत नाही.

तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी आरोग्यसेविकांमार्फत व्हावी, असे केंद्र सरकारचे धोरण 2016 पासून आहे. पुणे महापालिकेने ती सेविका शाळांच्या शिक्षक-खोलीत आणि कचेऱ्यांत, कामाच्या वेळेत पाठवावी. आणि जिच्या तपासणीत काही आढळेल, तिला पुढच्या चाचण्यांचा दिवस पगारी रजा म्हणून मिळावा. त्यासाठी नवे रुग्णालय उभारावे लागत नाही, एक परिपत्रक पुरे आहे.