रिकामपण कोणाचे?

आमच्या गावात एक प्रश्न फार सहजपणे विचारला जातो : "सध्या काय चालू आहे?" संत्र्याचा बागाईतदार त्यावर मृगबहाराविषयी बोलतो, कारखान्यातला माणूस आपल्या पाळीविषयी बोलतो. आम्हां सेवानिवृत्तांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण काहीही चालू नसणे हा आमचा मान्य हक्क आहे. परंतु बोरगावात साठी ओलांडलेले एक गिटारवादक राहतात. त्यांना मात्र हा प्रश्न हटकून विचारला जातो, आणि तो विचारताना विचारणाऱ्याच्या ओठांवर हसू असते.

तरुणपणी हे गृहस्थ नागपूरच्या ऑर्केस्ट्रांत रॉक ढंगाची गिटार वाजवीत. २०१५ साली नॅरोगेज बंद झाली, तोवर सौंसरहून त्या छोट्या गाडीने वाद्य मांडीवर घेऊन त्यांच्या कित्येक खेपा झाल्या. पुढे एकटा कीबोर्ड चार वादकांचे काम करू लागला, त्यामागून कराओकेचे ट्रॅक आले, डीजे आले. आता त्यांना बोलावणे येते ते गणेशोत्सवात, नवरात्रात आणि तुळशीविवाहानंतरच्या लग्नसराईत. उरलेले महिने आपण सारे मिळून 'रिकामे' ठरवून टाकले आहेत.

ते रिकामे महिने आम्ही जवळून पाहिले आहेत. सकाळी दीड तास त्यांचा रियाज चालतो. काही आठवडे वाजवले नाही तर बोटांवरचे घट्टे मऊ पडतात आणि पुन्हा तार धरताना बोटे सोलून निघतात. पावसाळ्यात तारांना गंज चढतो, म्हणून कोलकात्याच्या गिव्हसनची ती जुनी गिटार रोज पुसावी लागते. दुपारी ते नवीन गाणी कान देऊन ऐकतात व त्यांचे स्वर वहीत उतरवून घेतात, कारण बोलावणारा उद्या कोणते गाणे मागेल याचा नेम नसतो. संध्याकाळी दोन-तीन मुले शिकायला येतात. त्यांतला एखादा फी देतो. एकदा आम्हीही तो प्रश्न विचारला, तेव्हा ते म्हणाले, "काही नाही साहेब, तारा पुसून रायलो." आम्ही हसलो. त्या हसण्याची आज आम्हांला लाज वाटते.

आमचा आक्षेप 'रिकामा' या शब्दालाच आहे. पेरणीनंतर पिकाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला कोणी रिकामा म्हणत नाही. कार्यालयात फाईल येईपर्यंत बसून राहिलेल्या आम्हां अधिकाऱ्यांना तर त्या बसण्याचेही वेतन मिळत असे. अर्जित रजा मिळे, आणि आता निवृत्तिवेतन मिळते. कलावंताला मात्र आपण तेवढ्या तीन तासांचे पैसे देतो आणि त्या तीन तासांमागच्या तीनशे दिवसांना आळस म्हणतो!

कोणी म्हणेल, हे खेड्यातल्या वादकाचे झाले, मोठ्यांचे तसे नसते. नंदू भेंडे यांचे उदाहरण घ्या. आत्माराम व आशा भेंडे यांचे हे चिरंजीव म्हणजे मराठी घरातून आलेले अस्सल रॉक गायक. १९७४ साली अलेक पदमसी यांच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी जुडास उभा केला, १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त ते गाजले आणि १९८२ साली 'डिस्को डान्सर' या चित्रपटासाठी गायले. २०१४ साली ते वारले. रसिकांच्या स्मरणात ही तीन साले राहिली. त्यांच्या अधल्यामधल्या वर्षांचा हिशेब कोणी ठेवला? पुढे दूरचित्रवाणी मालिकांना संगीत देत त्यांनी स्टुडिओच्या कामात स्वतःला गुंतवून घेतले. मुंबईत असा मार्ग तरी निघू शकतो. बोरगावात कोणता निघणार?

विठाबाई नारायणगावकरांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या या कलावतीच्या अखेरच्या आजारपणाचा खर्च देणगीदारांच्या मदतीने भागवावा लागला. २००२ साली त्या गेल्या, आणि काही वर्षांनी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. पुरस्कार उचितच आहे. पण आपला समाज गौरवाला तत्पर आणि निर्वाहाच्या वेळी गैरहजर असतो, हेही त्यातून दिसते.

यात आम्हीही दोषी आहोत. सेवेत असताना एका वृद्ध ढोलकीवादकाचा साहाय्याचा अर्ज आमच्या टेबलावर आला होता. 'अर्जदार नियमित काम करीत नाही. उत्पन्नाचा मासिक तपशील जोडावा' अशी टिपणी लिहून आम्ही तो परत पाठवला. ती नियमाला धरून होती. परंतु ज्याचे उत्पन्न वर्षातून चार महिन्यांचे, त्याने बारा महिन्यांचा तपशील कोठून आणावा? तो अर्ज पुन्हा आमच्या टेबलावर आला नाही.

महाराष्ट्र शासन ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते. २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये आहे. परंतु ते तेथल्या रहिवाशांसाठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. कला नागपूरच्या मंचावर वाढली तरी शिधापत्रिका बोरगावचीच राहते. याबद्दल महाराष्ट्राला दोष देण्यात अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून मराठीपणाचा अभिमान मिरवणाऱ्या आपण घराण्यांनी आपल्या कलावंतांसाठी काय केले, हा खरा प्रश्न आहे. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांतही वादकाला शाल, श्रीफळ आणि 'सेवाभाव' एवढेच मिळते. मंडपवाल्याला आपण सेवाभाव कधी सुचवला आहे काय?

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. कलावंताला बोलावताना मानधनाचा आकडा पत्रातच लिहावा. त्यात तालमीचे दिवस धरावेत. आणि आपल्या राज्याच्या साहाय्य-योजनांचे अर्ज मंडळाने भरून द्यावेत. हे तिसरे काम आम्ही स्वतः पत्करतो. अर्ज कसे परत पाठवले जातात हे आम्हांला पुरते ठाऊक आहे. ते परत येणार नाहीत असे कसे लिहावेत, एवढे तरी त्या ज्ञानातून साधावे.