कटऑफच्या पलीकडे

बारावी विज्ञानाचा निकाल हाती आला की मराठी मध्यमवर्गीय घरांत एकच हिशेब सुरू होतो. अमुक महाविद्यालयाचा गेल्या वर्षीचा कटऑफ किती आणि आपल्या मुलाचे पर्सेंटाइल किती? ही तुलना महाविद्यालयांची असते, अभ्यासक्रमांची नव्हे. तेथे चार वर्षे काय शिकवले जाणार, ते शिकण्याचा या मुलाचा पिंड आहे का, याच गुणवत्तेवर दुसरे कोणते दार उघडू शकते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. विज्ञान शाखा म्हणजे अभियांत्रिकी वा वैद्यकीय. दोन्ही हुकले तर 'नाइलाजाने बीएस्सी', हा क्रम समाजमनात इतका रुजला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही.

या क्रमाला छेद देणाऱ्या संस्था दूर कोठे नाहीत. मूलभूत विज्ञानाचे शिक्षण व संशोधन एकाच छताखाली व्हावे, या हेतूने २००६ साली पुणे आणि कोलकाता येथे 'आयसर' सुरू झाली. आज देशात अशा सात संस्था आहेत. त्यांच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमात विद्यार्थी आरंभी सर्व विज्ञानशाखांची ओळख करून घेतो, मग आपला विषय निवडतो आणि अखेरचे वर्ष संशोधनात घालवतो. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने चालणाऱ्या केंद्रात पाच वर्षांची एकात्म एमएस्सी आहे; तेथील प्रवेश 'नेस्ट' परीक्षेतून होतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनेही २०११ पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम चालवला आहे. क्लासच्या फलकांवर ही नावे फारशी झळकत नाहीत. का, ते सांगायला नको.

प्रवेशाच्या अटी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे खरी अडचण ध्यानात येते. राज्याच्या सीईटीत अभियांत्रिकीच्या गटाला २०० गुण, त्यांपैकी निम्मे गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि अकरावीच्या अभ्यासक्रमाला भार अवघा २० टक्के. साहजिकच अकरावीचे वर्ष अनेक ठिकाणी घाईघाईने उरकले जाते. आयसरची परीक्षा वेगळी आहे. गणित, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न, एकूण गुण २४०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. येथे अकरावीला सवलत नाही. बारावीत खुल्या प्रवर्गाला ६० टक्क्यांची अट आहे, ती तुलनेने सौम्यच. कसोटी आहे ती विषय मुळापासून समजल्याची.

आता अकरावीच्या प्रवेश अर्जाकडे पाहावे. 'इंजिनिअरिंगच करायचे आहे, मग जीवशास्त्राचे ओझे कशाला', असे म्हणून ते सोडले जाते आणि गुण मिळवून देणारा बायफोकल विषय घेतला जातो. डॉक्टर व्हायचे म्हणून गणित सोडणारेही थोडे नाहीत. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या वतीने घेतलेला हा निर्णय दोन वर्षांनी २४० पैकी ६० गुणांवर पाणी सोडायला लावतो. शिवाय त्या वेळी हे कोणी त्याला सांगितलेले नसते.

अभियांत्रिकीला कमी लेखण्याचे कारण नाही. यंत्रे, पूल, संगणक उभारणारी माणसे देशाला हवीतच. परंतु ज्याला सूत्र वापरण्यापेक्षा ते कोठून आले याचे कुतूहल अधिक, अशा मुलाला ४५ टक्क्यांची पात्रता पूर्ण होते आणि सीईटीत जागा मिळते म्हणून कोठल्याही शाखेत लोटणे हा त्याच्यावर अन्याय आहे. 'नाइलाजाची' बीएस्सीही आता पूर्वीची राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पुरे करता येते. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या महाविद्यालयातूनही संशोधनाकडे जाणारी वाट आहे, मात्र ती पहिल्या सत्रापासून चालावी लागते.

निकालानंतर भरणाऱ्या मार्गदर्शन मेळाव्यांचा येथे उपयोग नाही. २०२५ साली राज्य मंडळाचा बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. तोवर आयसरच्या परीक्षेचे अर्ज बंद होऊन गेले होते. मेळाव्याला आलेल्या पालकांना त्या दिवशी मिळाली असती ती केवळ हळहळ. योग्य वेळ आहे ती दहावीच्या गुणगौरव समारंभाची. वस्तीवस्तीत, गावोगावी कार्यकर्ते हे समारंभ हौसेने करतात. गुलाबपुष्प आणि प्रशस्तिपत्रकासोबत या परीक्षांची नावे, त्यांचे विषय आणि अर्ज सुटण्याचे महिने लिहिलेला एक कागद प्रत्येकाच्या हाती द्यावा, आणि तो अकरावीचे विषय ठरण्याआधी द्यावा.