महागाई भत्त्याचा हिशेब कोण करतो?

बंगळूरच्या बसवनगुडीतला गांधी बाजार वरमहालक्ष्मीच्या आदल्या दिवशी पाहावा. मोगऱ्याचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा, आणि रात्री उरलेला माल तिसऱ्याच भावाने जातो. यातला खरा भाव कोणता? गिऱ्हाइकाला हा प्रश्न सणापुरता पडतो. निर्देशांकाच्या कामावरच्या संख्याशास्त्रज्ञाची मात्र सारी नोकरी अशाच प्रश्नांवर चालते, आणि त्याच्या उत्तरावर आपला महागाई भत्ता ठरतो.

औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम ब्युरो काढतो. २०१६ पायाच्या मालिकेसाठी ८८ केंद्रांतल्या ३१७ बाजारांतून किरकोळ भाव गोळा होतात. बंगळूर त्यांतलेच एक केंद्र. ठरलेले दुकान, ठरलेला वार, ठरलेल्या प्रतीचा माल. वरून पाहता कारकुनी काम. पण ती प्रत बाजारातून नाहीशी झाली तर? दुकानच बंद पडले तर? साबणाच्या वडीची किंमत तीच राहिली आणि वजन मात्र गुपचूप घटले, तर ती महागाई नव्हे काय? असा प्रत्येक निर्णय तारतम्याने घ्यावा लागतो आणि लेखी कारण देऊन टिकवावा लागतो. घरभाड्याची पाहणी तर दर सहा महिन्यांनी. घरमालक खरे भाडे सांगत नाही, भाडेकरू सांगायला बिचकतो. हे शास्त्र वर्गात शिकवता येते, पण ते मुरते बाजारात चपला झिजवूनच.

या कामाचे मोल मुंबईच्या कामगारांना ठाऊक आहे. १९६३ मध्ये मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दडवतो म्हणून कामगार रस्त्यावर उतरले. सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांची तज्ज्ञ समिती नेमावी लागली. आकडा कमी लागत होता हे समितीने दाखवून दिले आणि दुरुस्ती सुचवली. तो लढा जसा मोर्च्याचा होता, तसाच त्रैराशिकाचाही होता. (मालकांचे गणित सहसा चुकत नाही, चुकले तर त्यांच्याच बाजूने चुकते.)

बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतल्या बहिणींना हाच धडा २०२० मध्ये मिळाला. निर्देशांकाप्रमाणे त्यांचा बदलता महागाई भत्ता महिना सुमारे ४१७ रुपयांनी वाढायचा होता. कर्नाटक सरकारने तो वर्षभर पुढे ढकलला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तरी अनेकींच्या हाती थकबाकी पडायला २०२२ उजाडले. आकडा बरोबर होता, तो देण्याची दानत नव्हती.

आता एक कळीचा मुद्दा. १९६० च्या मालिकेत अन्नाचा भार सुमारे ६१ टक्के होता, २०१६ च्या मालिकेत तो ३९ वर आला. हे भार कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीतून येतात, म्हणून कोणाला विचारले हे महत्त्वाचे. पाहणी सात क्षेत्रांची: कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटार वाहतूक, वीज आणि बंदरे. बसवनगुडीतल्या घराघरांत भांडी घासणारी मोलकरीण यात नाही, घरपोच माल नेणारा पोरगाही नाही. दोष गणितज्ञाचा नाही, चौकट आखणाऱ्यांचा आहे.

आणि गणितज्ञाचे काय? पाहणीची कामे कंत्राटी हातांवर ढकलली जात आहेत. ज्याची नोकरी कराराच्या तारखेवर टांगलेली, तो साहेबाला नको असलेला आकडा किती दिवस धरून ठेवील? जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. रोजगार पाहणीचा अहवाल रोखून धरला, हे त्यामागचे एक कारण. ते निदान राजीनामा देऊ शकले. भाव टिपणाऱ्याला ती चैन परवडत नाही. त्याला कायम करा ही मागणी म्हणूनच आपल्याही मागणीपत्रात हवी.

शाखांनी आणखी एक करावे. करार १९६० च्या पायावर असेल तर अखिल भारतीय मालिकेचा आजचा आकडा आधी २.८८ ने, मग ४.६३ ने आणि शेवटी ४.९३ ने गुणावा लागतो. पुढच्या वाटाघाटींना बसण्यापूर्वी व्यवस्थापनाचा तक्ता या गुणाकाराने ताडून पाहावा आणि फरक सापडल्यास फेडरेशनच्या कचेरीकडे लेखी कळवावा.