तळ्याकाठची फेरी

दिवाळीच्या फराळाबरोबर हल्ली प्रवासवर्णनेही वाढली जातात. कोणी काश्मीरला जाऊन आलेले असते, कोणी थेट युरोपला. इटलीतल्या कोमो सरोवराचे फोटो तर आता चकलीइतकेच घरोघर हजर! निळे पाणी, काठाने उमरावांचे वाडे, वाड्यांपुढे उतरत गेलेल्या बागा आणि त्यांतून रमतगमत पायी हिंडणारे प्रवासी. त्यातला एक वाडा एका राजकन्येने आपल्या मुलीला लग्नात दिला. मुलीचे नाव शार्लोट, म्हणून वाड्याचे नाव ‘व्हिला कार्लोटा’. फोटो पाहून होतात आणि यजमान सुस्कारा सोडतात, ‘आपल्याकडे असले काही नाही बुवा!’

या सुस्काऱ्यावर आजचे सदर खर्ची घालावे म्हणतो. वाचकहो, आमच्या चंद्रपुरात, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चांद्यात, तळे आहे, राजवाडा आहे आणि गोष्टीला राणीही आहे. तेव्हा पायांत वहाणा सरकवा आणि चला.

आरंभ रामाळा तलावापासून करू. काठाला बाग आहे, आणि गावाचा गोंडकालीन तट तळ्याला खेटून गेला आहे. हा तट सरळ जात नाही, वळणे घेत जातो. त्याला कारण एक ससा! खांडक्या बल्लाळशहा राजा शिकारीला निघाला असता एक ससाच त्याच्या कुत्र्याच्या पाठीस लागला, अशी दंतकथा आहे. जिथले ससे असे शूर, तिथली माणसे कशी असतील, असे राजाराणीला वाटले आणि ससा धावला त्या वाटेने तट घालायचे ठरले. काम पुढच्या राजांनी पुरे केले. चार वेशी, पाच खिडक्या. इंग्रजी फौजेने मे १८१८ मध्ये तोफा लावून याच तटाला खिंडार पाडले.

बाग पाहिली, आता वाडा. गावात शिरून राजवाडा कुठे म्हणून विचाराल तर लोक तुरुंगाकडे बोट दाखवतील. ते थट्टा करीत नाहीत. गोंड राजांचा वाडा तो हाच. १७५१ साली राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८५४ मध्ये इंग्रजांकडे, आणि वाड्याचे कारागृह झाले. १८५८ सालच्या ऑक्टोबरच्या २१ तारखेला वीर बाबुराव शेडमाके यांना इथेच फाशी दिले. तेव्हा इथे तिकीट काढून आत जाण्याची सोय नाही. मात्र आत गैबीशहा वलींचा दर्गा आहे आणि मोहरमात तो लोकांना खुला होतो. राजाच्या वाड्यात प्रजा शिरते ती तेवढीच, तीही पिराच्या कृपेने.

पुढे अंचलेश्वर वेशीकडे वळू. देवळाशेजारी राजघराण्याच्या समाध्या आहेत आणि त्यांत सर्वांत उठून दिसते ती बीरशहाची. त्याचा खून झाल्यावर राणी हिराईने ती बांधली. कोमोकाठच्या राजकन्येने लेकीला वाडा दिला. आमच्या हिराईने मेलेल्या नवऱ्याला घुमट दिला, आणि त्याच्यामागे अठराव्या शतकाच्या आरंभी राज्यही सांभाळले. महाकालीच्या देवळाचा जीर्णोद्धारही तिचाच. हौशीच्या बागांहून ही दगडी माया मला तरी मोठी वाटते.

आम्ही पडलो मराठीचे मास्तर. ओळखीचा शब्द दिसला की पाय अडखळतात. रामबाग म्हणून एक वसाहत आहे. तुकूम म्हणून दुसरी, चांगली गजबजलेली. घाईने जाणाऱ्याला ‘तुकूम’ म्हणजे रिक्षाचा एक थांबा. पण गोंड राजवटीत तळे बांधणाराला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन देत, आणि त्या देणगीचे नाव तुकूम. तळे बांधा आणि जमीन घ्या! इथल्या रानमुलखात इतकी तळी आली ती या एका शब्दाच्या बळावर. रामाळ्याचे पाणीही मातीच्या नळांतून गावात खेळवले होते.

आता हिशेब उलटा झाला आहे. कोहिनूर तलावाचे मैदान झाले. घुटकाळा आज वस्तीचे नाव आहे. पूर्वी तळे बांधले म्हणजे जमीन मिळे, आता तळे बुजवले म्हणजे मिळते. रामाळा तेवढा उरला, आणि त्यातही गटाराचे पाणी आणि जलपर्णी शिरली. ‘इको-प्रो’ संस्थेच्या मंडळींनी २०१७ मध्ये तटावरची झाडेझुडपे तोडून तट मोकळा करायला घेतला आणि पुढे तटावरून लोकांना पायी फिरवायला सुरुवात केली. याच संस्थेचे बंडू धोतरे २०२१ साली रामाळ्यासाठी अन्नत्याग करून बसले. एका तळ्यासाठी माणसाला उपाशी बसावे लागते, हे गावाला भूषण नव्हे. पण असा माणूस गावात निघतो, हे मात्र खचित भूषण.

कोमोच्या बागा टिकल्या त्या इटलीचे पाणी गोड म्हणून नव्हे. धनी गेले तरी माळी कामावर राहिला, म्हणून टिकल्या. आमच्याकडे धनी गेले आणि माळ्याची जागा रिकामी पडली. ती भरायला अर्ज लागत नाही. पाडव्याच्या सकाळी पाहुण्यांना घेऊन रामाळ्याला एक फेरी मारा, पोरांना तटावर चढवा, सशाची गोष्ट सांगा. सवड असली तर दहाबारा किलोमीटरवर जुनोन्याचे तळे आहे, काठावर जुन्या वाड्याचे अवशेष आहेत, तेही दाखवा. आणि निघताना फराळाच्या रिकाम्या पिशव्या तेवढ्या घरी परत न्या. पोरे हे पाहतात आणि लक्षात ठेवतात.