कायद्याचा विरोधकच कारभारी

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एका मोठ्या बँकेचे अध्यक्ष ह्यू मॅककलक १८६२ साली वॉशिंग्टनला आले, ते राष्ट्रीय बँकांच्या प्रस्तावित कायद्याला विरोध करायला. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि अर्थमंत्री सॅमन चेस यांनी अंमलबजावणीसाठी याच विरोधकाला गाठले. चलन-नियंत्रकाच्या नव्या पदावरचे ते पहिले अधिकारी.

निवड अचूक होती. १८०८ मध्ये आजच्या मेन राज्यात जन्मलेले मॅककलक कायद्याचे शिक्षण घेऊन १८३३ मध्ये इंडियानातील फोर्ट वेनला आले आणि दोनच वर्षांत वकिली मागे ठेवून तिथल्या बँकशाखेचा कारभार पाहू लागले. त्या काळी शेकडो बँका आपापल्या नोटा छापत. दूरच्या गावी त्या नोटांना बट्टा लागे, बँक बुडाली तर कागदच हाती उरे. १८५७ च्या आर्थिक संकटात देशातील बहुतेक बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले. त्यांच्या बँकेने मात्र ते चालू ठेवले. डिसेंबर १८६३ मध्ये राष्ट्रीय बँकांना लिहिलेल्या पत्रात हाच अनुभव बोलतो. कर्जे मूठभरांना देऊ नका, बडा कर्जदार बँकेवरच हुकूम चालवू लागतो, असे त्यांनी बजावले. बँकेच्या प्रत्येक संचालकाने हे पत्र आजही वाचावे.

मार्च १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्यांना अर्थमंत्री केले. पुढच्याच महिन्यात लिंकन यांची हत्या झाली आणि यादवी युद्धानंतरचे अर्थकारण नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या कारकिर्दीत त्यांनाच निस्तरावे लागले. युद्धखर्चासाठी छापलेल्या, सोन्याचा आधार नसलेल्या ‘ग्रीनबॅक’ नोटा परत घेण्याचा त्यांनी धडाका लावला. एप्रिल १८६६ च्या कायद्याने पहिल्या सहा महिन्यांत एक कोटी आणि पुढे दरमहा चाळीस लाख डॉलरपर्यंतच्या नोटा रद्द करण्याची मुभा दिली.

इथे त्यांचे चुकले, असे आमचे स्पष्ट मत आहे. शाखेचा व्यवस्थापक हात आखडता घेतो तेव्हा बँक वाचते. देशाचा अर्थमंत्री तेच करतो तेव्हा चलन आटते आणि भाव कोसळतात. महाग दिवसांत कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला ते फेडायला अधिक धान्य विकावे लागते. पश्चिमेकडील राज्यांतून ओरड वाढली आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ही नोटांची कपात थांबवली. १ जानेवारी १८७९ पासून ग्रीनबॅकच्या बदल्यात सोने मिळू लागले, तेव्हाही सुमारे ३५ कोटी डॉलरच्या त्या नोटा चलनात होत्या.