परत पाठवावयाचें, तें कोठें?

पहलगामचें हत्याकांड २२ एप्रिल २०२५ रोजीं झालें, आणि २४ तारखेस सरकारनें जाहीर केलें, कीं पाकिस्तानी नागरिकांचे प्रवेशपरवाने २७ पासून रद्द. हिंदूंस पूर्वीं दिलेले दीर्घ मुदतीचे परवाने मात्र कायम राहतील, असा खुलासाहि त्याच दिवशीं झाला. ज्यानें अर्ज केला आहे पण ज्यास उत्तर आलेलें नाहीं, तो कोणत्या रांगेंतला, हें सामान्य मनुष्यास कळण्यासारखें नव्हतें.

प्रश्न आपल्या खानदेशापासून दूरचा नाहीं. जळगांवची सिंधी कॉलनी काय, धुळ्याचें कुमारनगर काय, या वस्त्यांतील माणसांचीं मुळें सिंधांत आहेत आणि लेकीसुना अजून तिकडून येतात. एका चुलीवर जेवणाऱ्या सात माणसांपैकीं सहांजवळ येथील शिधापत्रिका आणि सुनेजवळ कराचीचें पारपत्र, अशीं घरें असतात. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या वाचक भगिनींनीं मनाशीं आणून पाहावें, कीं घरची थोरली सून राहावयाची कीं जावयाची, हें एका शिक्क्यावर ठरावयाचें आहे! आमच्या वर्गांत सिंधी मुलें बसत. गांव विचारलें तर तीं 'जळगांव' म्हणत. त्यांचे आजे मात्र शिकारपूर सांगत.

असा काथ्याकूट आपल्या महाराष्ट्रानें पूर्वीं एकदां पाहिला आहे. कोल्हापुराजवळ वळिवडे येथें १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका व मुलें. रशियानें १९४०-४१ सालीं त्यांस पूर्व पोलंडांतून सैबेरिया-कझाकस्तानांत नेलें. तेथून सुटून इराणमार्गें, वाटेंत कराचीस उतरून, तीं इकडे आलीं. युद्ध संपतांच त्यांस मायदेशीं धाडण्याचा विचार सुरू झाला. परंतु फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेनंतर तो पूर्व प्रांत रशियाकडेच राहिला. पोलंड नकाशावर होतें. यांचें गांव पोलंडांत नव्हतें. थोडीं माणसें परतलीं. बाकीच्यांनीं नाहीं म्हटलें, आणि तीं इंग्लंडांत, पूर्व आफ्रिकेंत पांगलीं. इंग्लंडनें १९४७ सालीं पोलिशांच्या पुनर्वसनाचा निराळा कायदाच केला. वळिवड्याच्या रिकाम्या वस्तींत पुढें कोण आलें? सिंधी निर्वासित! आजचें गांधीनगर तें हेंच.

शिबिराजाच्या कथेंत आपण कपोतास हृदयाशीं धरतों व श्येनास विसरतों. राजानें श्येनाचेंहि म्हणणें ऐकून घेतलें होतें, हें आम्ही मुलांस मुद्दाम सांगत असूं. प्रजेचें रक्षण हा राज्याचा पहिला धर्म. परक्याचा कागद तपासण्याचा अधिकार सरकारास आहेच. पण तपासणें निराळें आणि सरसकट घालवून देणें निराळें.

२०१९ च्या कायद्यानें तीन शेजारी देशांतील हिंदू, शीख इत्यादिकांस नागरिकत्वाची वाट दिली, ती ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांस. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजीं निघाले. त्यानंतरच्या दहा वर्षांत आलेल्यांस १ सप्टेंबर २०२५ च्या आज्ञेनें कागदांच्या अभावीं होणाऱ्या शिक्षेपासून अभय मिळालें, नागरिकत्व नव्हे.

ज्यांच्या शेजारीं असें घर असेल त्या सुशिक्षित वाचकांनीं एक दुपार त्या कागदांस द्यावी. जन्माचे दाखले अरबी वळणाच्या सिंधींत असतात, नांवाचीं अक्षरें दर कागदावर निराळीं पडतात, आणि अर्ज बहुधा तेवढ्यावरच अडतो. निवृत्तीनंतर आम्हीं असे तीन मसुदे लिहून दिले. दोहोंचें काम झालें. तिसऱ्याचें उत्तर अजून यावयाचें आहे.